एबीजी रिपोर्ट हातात पडला की वाचायला सुरुवात कुठून करायची

मशीनमधून एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि ॲसिड मोजणाऱ्या तपासणीची, ती छोटी पट्टी बाहेर आली की बहुतेक नवीन इंटर्न आणि नर्सिंगची मुलं पहिली नजर टाकतात ती बायकार्बवर, म्हणजे रक्तातल्या ॲसिड शमवणाऱ्या क्षारावर. तो कमी दिसला की "सर ॲसिडोसिस आहे, सोडा बायकार्ब लावू का", जास्त दिसला की "अल्कलोसिस आहे", झालं वाचन. ही सवय मोडावी म्हणून हे लिहितोय. एकटा बायकार्ब काहीही सांगत नाही, एकटा सीओटू पण नाही, कारण शरीर या दोघांपैकी कुठलाच आकडा जपत बसत नाही, ते जपतं दोघांमधलं गुणोत्तर. एवढं डोक्यात बसलं की उरलेली सगळी साधी बेरीज-वजाबाकी आहे, त्यासाठी ॲप पण लागत नाही.

गुणोत्तर म्हणजे काय ते आधी बघू. रक्तात बायकार्ब असतो साधारण २४, आणि पीसीओटू, म्हणजे रक्तातल्या सीओटूचा दाब, असतो ४०, त्याला ०.०३ ने गुणलं की विरघळलेला सीओटू येतो १.२. आता २४ ला १.२ ने भागा, उत्तर २०. हे वीसास एक टिकून आहे तोवर पीएच (रक्त किती ॲसिड ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ७.४, मग वरचा आकडा २४ असो नाहीतर १२. हेंडरसननं हे समीकरण १९०८ मध्ये मांडलं आणि पुढे हॅसलबालखनं त्याला लॉगचं रूप दिलं, फर्स्ट इयरला ते आपण सगळ्यांनी घोकलंय आणि परीक्षा झाल्यावर विसरलोय. वॉर्डात लॉग लागत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की वरचा आकडा किडनीच्या ताब्यात आहे आणि खालचा फुप्फुसाच्या, आणि एक हलला की दुसरा त्याच दिशेनं हलवायचा, म्हणजे गुणोत्तर फार बिघडत नाही. बायकार्ब खाली गेला की सीओटू पण खाली आणायचा, सीओटू वर चढला की बायकार्ब पण वर न्यायचा. यालाच कॉम्पेन्सेशन म्हणतात.

दोघांच्या कामाचा वेग मात्र अजिबात सारखा नाही. फुप्फुसं मिनिटांत कामाला लागतात, किडनीचं काम सरकारी कचेरीसारखं, फाइल व्यवस्थित निघते पण तीन ते पाच दिवसांनी. कामाचा पसारा पण बघा, दिवसाला साधारण १५,००० मिलीमोल सीओटू आपण नुसत्या श्वासातून बाहेर टाकतो. जेवणातल्या प्रथिनांतून वगैरे जे पक्कं ॲसिड तयार होतं ते मात्र वजनाच्या किलोमागे जेमतेम १ मिलीमोल, म्हणजे ६० किलोच्या माणसात ६०, पण ते श्वासातून जात नाही, ते किडनीलाच अमोनियम आणि फॉस्फेटच्या रूपात लघवीतून काढावं लागतं, आणि वरून रोज गाळला जाणारा ४,००० च्या वर बायकार्ब परत रक्तात ओढून घ्यावा लागतो. म्हणून श्वास थांबला तर पीएच मिनिटांत कोसळतो आणि किडनी बंद पडली तर काही दिवसांनी.

अजून एक, पीएच ७.४ वरून ७.१ ला आला तर ०.३ चाच तर फरक आहे असं वाटतं, पण हा लॉगचा आकडा आहे, हायड्रोजन आयन तेवढ्यात दुप्पट झालेले असतात, ४० नॅनोमोलवरून ८० वर. तेवढा बदल एन्झाइमना आणि हृदयाच्या स्नायूला सोसत नाही.

आता वाचायला घेऊ. पण पीएच बघायच्या आधी सॅम्पल कसं घेतलं ते विचारा, हे फार जण विसरतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा आकडा, साधारणपणे खोटा वाढतो आणि सीओटू खोटा कमी होतो. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेलं लिक्विड हेपॅरिन जास्त राहिलं तर सीओटू आणि बायकार्ब दोन्ही पातळ होऊन कमी दिसतात. सॅम्पल मशीनपर्यंत जायला वेळ लागला तर सिरिंजमधल्या जिवंत पेशी ऑक्सिजन खात बसतात, सीओटू आणि लॅक्टेट (पेशींतून निघणारं एक ॲसिड) वाढवत बसतात, ल्युकेमियाच्या पेशंटमध्ये तर फारच. आणि सुई आर्टरीत लागली का व्हेनमध्ये? व्हेनच्या रक्तात पीएच साधारण ०.०३ ते ०.०५ नं कमी असतो आणि सीओटू ५-६ नं जास्त, त्यामुळे ॲसिड-बेससाठी व्हेनचं सॅम्पल बऱ्याचदा चालून जातं, पण ऑक्सिजनसाठी ते निरुपयोगी. पेशंट ऑक्सिजनवर असेल तर किती लिटरवर आहे तेही पट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर पीओटू ८० चांगला का वाईट ते कोणालाच कळणार नाही.

आकडे एकमेकांशी जुळतात का ते पण एकदा बघून घ्या, दहा सेकंदांचं काम आहे. २४ ला सीओटूनं गुणा, बायकार्बनं भागा, जे येईल ते हायड्रोजन आयन. दुसरीकडे ८० मधून पीएचचे शेवटचे दोन अंक वजा करा, म्हणजे पीएच ७.३० असेल तर ८० वजा ३०, आले ५०. दोन्ही उत्तरं जवळपास आली पाहिजेत. ही वजाबाकीची युक्ती ७.२ ते ७.५ च्या मधेच नीट चालते हं. फार तफावत आली तर कुठला तरी आकडा लिहिताना चुकलाय किंवा बायकार्ब वेगळ्या वेळच्या सॅम्पलचा आहे.

मग पहिली पायरी, पीएच. ७.३५ च्या खाली असेल तर रक्त ॲसिडकडे, म्हणजे ॲसिडोसिस, ७.४५ च्या वर असेल तर अल्कलीकडे, म्हणजे अल्कलोसिस. मधे असेल तर लगेच खूश होऊ नका, त्याबद्दल शेवटी बोलू.

दुसरी पायरी, हे केलं कोणी. सीओटू ३५ ते ४५ नॉर्मल, बायकार्ब २२ ते २६. पीएच कमी आणि सीओटू जास्त, तर गुन्हेगार श्वास. पीएच कमी आणि बायकार्ब कमी, तर गुन्हेगार मेटाबॉलिक, म्हणजे श्वास सोडून शरीरातलं दुसरं काही. पीएच जास्त असेल तर उलटं, सीओटू कमी म्हणजे श्वास, बायकार्ब जास्त म्हणजे मेटाबॉलिक. दुसरा आकडा पण हललेला दिसेलच, तो बहुतेक वेळा भरपाई करत असतो. पीएच ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला ओढणारा तो मूळ आजार, कारण भरपाई पीएचला परत आणते खरी पण पलीकडे ढकलून देत नाही.

इथे १९५२ ची कोपनहेगनची गोष्ट सांगतोच, कारण नुसता बायकार्ब बघितला तर काय होतं त्याचं याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पोलिओची भयंकर साथ होती, ब्लेगडम हॉस्पिटलमध्ये श्वासाचे स्नायू गेलेले पेशंट रोज येत होते आणि बरेचसे दगावत होते. तेव्हा रक्तातला एकूण सीओटू मोजायचे, म्हणजे तो बहुतांशी बायकार्बच, आणि तो जास्त यायचा, म्हणून तिथल्या डॉक्टरांना वाटलं की हा काहीतरी कारण न कळणारा अल्कलोसिस आहे. ब्यर्न इबसेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं तेव्हा तो म्हणाला की अल्कलोसिस वगैरे काही नाही, हे लोक सीओटू बाहेरच टाकू शकत नाहीयेत. ऑगस्टच्या शेवटी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यानं हातानं बॅग दाबून श्वास दिला आणि ती सुधारली, पीएच मोजल्यावर रक्त खरंच ॲसिडकडे असल्याचं दिसलं, आणि मग मेडिकलची पोरं, साधारण दीड हजार, पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे बॅगा दाबत बसली. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. आजचा आयसीयू बऱ्याच अंशी तिथून सुरू झाला. म्हणून आधी पीएच, मग बाकी सगळं.

तिसरी पायरी, भरपाई जेवढी व्हायला हवी तेवढीच झालीय का. सगळ्यात कंटाळवाणी पायरी आहे पण खरं निदान इथेच सापडतं. मेटाबॉलिक ॲसिडोसिसला विंटर्सचा फॉर्म्युला लावा, बायकार्बची दीडपट करा, त्यात ८ मिळवा, जे येईल तेवढा सीओटू हवा, दोन इकडे-तिकडे चालतं. मेटाबॉलिक अल्कलोसिसमध्ये बायकार्ब १ नं वाढला की सीओटू साधारण ०.७ नं वाढतो. श्वासाच्या बाजूला मात्र आजार नवा का जुना ते आधी ठरवावं लागतं. सीओटू १० नं वाढला तर नव्या आजारात बायकार्ब फक्त १ नं वाढतो, जुन्यात साडेतीन-चार नं. सीओटू १० नं कमी झाला तर नव्यात बायकार्ब २ नं उतरतो, जुन्यात ४-५ नं. हे पाठ करायला जड जातं हे मान्य, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक पट्टीला लावत राहा, आपोआप बसतं.

एक उदाहरण घेऊ. आयुष्यभर बिड्या ओढलेले आजोबा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुना आजार), घरी असतात तेव्हा सीओटू ६० आणि बायकार्ब ३१, पीएच ७.३३. सीओटू २० नं जास्त, जुना आजार म्हणून बायकार्ब ७ नं जास्त, हिशेब चोख जमला. हेच आजोबा थंडीत छातीत कफ भरून कॅज्युअल्टीत आले, सीओटू ८०, बायकार्ब ३४, पीएच ७.२५. नव्यानंच सीओटू ४० वरून ८० झाला असता तर बायकार्ब २८ च्या आसपास असता, पूर्ण जुना असता तर ३८ च्या आसपास. आपला ३४ मधेच लटकतोय, म्हणजे जुन्या आजारावर नवा झटका. आजोबांचा बायकार्ब ३४ बघून कोणी अल्कलोसिस म्हणालं तर त्याला वरची कोपनहेगनची गोष्ट सांगा. आणि हो, अशा पेशंटला घाबरून ऑक्सिजन फुल करून ठेवू नका, सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मधे ठेवायचं, जास्त दिलात तर सीओटू आणखी चढतो.

याच्या उलट बाजू म्हणजे गरोदर बाई. प्रोजेस्टेरॉनमुळे तिचा श्वास मुळातच जोरात चालतो, सीओटू ३० च्या आसपास आणि बायकार्ब २० च्या आसपास असतो, आणि तिच्यासाठी हेच नॉर्मल. तिला दम्याचा झटका आलाय आणि सीओटू ४० दिसतोय तर पट्टीवर लाल बाण उमटणार नाही, पण ती बाई थकत चाललीय, लगेच सीनियरला उठवा.

लेहला बाईक घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींचं पण हेच होतं. ३,५०० मीटरवर ऑक्सिजन कमी म्हणून श्वास वाढतो, सीओटू उतरतो, रक्त अल्कलीकडे जातं, आणि मग पुढच्या काही दिवसांत किडनी बायकार्ब लघवीत टाकून हिशेब जुळवते. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करून घेते, म्हणून ती घेतली की लघवीला सारखं जावं लागतं.

चौथी पायरी फक्त मेटाबॉलिकसाठी, ॲनायन गॅप. सोडियममधून क्लोराईड आणि बायकार्ब वजा करा. ८ ते १२ नॉर्मल धरतात, तुमच्या लॅबची रेंज थोडी वेगळी असेल तर ती धरा. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी असेल तर दर १ ग्रॅममागे गॅपमध्ये अडीच मिळवा, ४ ला नॉर्मल धरून. हे विसरलात तर कुपोषित किंवा लिव्हरच्या पेशंटमध्ये वाढलेला गॅप साफ हातातून निसटतो.

गॅप वाढलाय म्हणजे रक्तात बाहेरचं किंवा जास्तीचं ॲसिड येऊन बसलंय. नेहमीचे यशस्वी म्हणजे शॉक आणि सेप्सिसमधलं लॅक्टेट, डायबेटिसमधले कीटोन, बंद पडलेली किडनी, आणि विषबाधा. विषारी दारू कधीच विसरू नका. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनं, पोटात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळे जातात, आणि एबीजीत दिसतो तो प्रचंड वाढलेला गॅप. दारू प्यायलेला माणूस "धूसर दिसतंय" म्हणाला आणि जोरजोरात श्वास घेतोय तर नशा उतरायची वाट बघत बसू नका.

डायबेटिसचं उदाहरण आकड्यांत. विशीतला मुलगा, इन्सुलिन बंद केलेलं, उलट्या, पोटात दुखतंय. पीएच ७.२२, सीओटू २०, बायकार्ब ८, सोडियम १३४, क्लोराईड ९८. विंटर्स लावा, ८ ची दीडपट १२, अधिक ८, वीस. भरपाई बरोबर. गॅप १३४ वजा १०६, म्हणजे २८. आता पाचवी पायरी पण इथेच उरकू, गॅप १२ पेक्षा १६ नं वाढला आणि बायकार्ब २४ पेक्षा १६ नं उतरला, दोन्ही सारखे, म्हणजे एकच आजार, बाकी भानगड नाही. गॅप जेवढा वाढला त्याच्या मानानं बायकार्ब फारच कमी उतरला असता तर आत अल्कलोसिस पण लपलाय असं समजायचं, उलट्यांमुळे बऱ्याचदा असतो, आणि बायकार्ब जास्त उतरला असता तर सोबत नॉर्मल गॅपचा ॲसिडोसिस.

या मुलाचा श्वास खोल आणि भराभर चालू असणार, त्याला कुस्मॉल श्वास म्हणतात, आणि तोच त्याला जगवतोय. त्यामुळे "पेशंट दमलाय" म्हणून त्याला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर रेट १४ लावून ठेवलात तर सीओटू ४० ला जाईल आणि पीएच ७ च्या खाली. ट्यूब टाकावीच लागली तर तो आधी जेवढा श्वास घेत होता तेवढा मशीननं द्यायला हवा. आणि सोडा बायकार्ब? पीएच ७ च्या वर असेल तर डायबेटिसच्या ॲसिडोसिसमध्ये सहसा देत नाहीत. सलाईन, इन्सुलिन दिलं की कीटोन जळून त्यांचाच बायकार्ब तयार होतो. इन्सुलिन सुरू करायच्या आधी पोटॅशियम मात्र बघाच, ॲसिडोसिसमध्ये ते वर दिसतं पण शरीरातला साठा रिकामा झालेला असतो, इन्सुलिन गेलं की धाडकन उतरतं.

गॅप नॉर्मल आणि तरी ॲसिडोसिस, तर बायकार्ब कुठून तरी गळालाय आणि त्याची जागा क्लोराईडनं घेतलीय. आपल्याकडे पावसाळ्यात वॉर्ड भरतात ते जुलाबाच्या पेशंटनी, सोडियम १३८, क्लोराईड ११४, बायकार्ब १४, गॅप फक्त १०. दुसरं कारण आपण स्वतःच, एनएसच्या, म्हणजे नॉर्मल सलाईनच्या, बाटल्यांवर बाटल्या. त्यात क्लोराईड १५४ असतं, रक्तात साधारण १०० च्या आसपास. तिसरं किडनीच्या नळ्यांचे आजार, त्यावर इथे लिहीत बसत नाही.

मेटाबॉलिक अल्कलोसिस तसा सरळ आहे, खूप उलट्या किंवा रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) पोटातलं ॲसिड गेलं, नाहीतर लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. लघवीतलं क्लोराईड २० च्या खाली असेल तर बहुतेक सलाईन आणि पोटॅशियमवर काम भागतं.

घाबरून भराभर श्वास घेणारी कॉलेजची मुलगी, सीओटू २५, बायकार्ब २१, पीएच ७.५४, बोटं वाकडी झालीत, तोंडाला मुंग्या. रक्त अल्कली झालं की मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्यानं हे होतं. कागदाची पिशवी तोंडाला लावू नका, फुप्फुसातली गुठळी आणि दमा पण सुरुवातीला असाच दिसतो आणि पिशवीनं त्यांचा ऑक्सिजन जातो. आधी पीओटू बघा, मग पॅनिक म्हणा.

राउंडला नातेवाईक हमखास विचारतात म्हणून अल्कलाइन पाण्याबद्दल दोन ओळी. ते पाणी पोटात गेल्या गेल्या तिथल्या ॲसिडमध्ये संपतं, जे उरतं ते किडनी लघवीत टाकते, म्हणून लघवीची पट्टी रंग बदलते आणि लोकांना वाटतं रक्त बदललं. रक्त बदलत नाही. मशीनला पैसे घालवू नका एवढंच सांगायचं. किडनीच्या पेशंटला डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात ती गोष्ट वेगळी, तिथे किडनीचं काम अर्धवट राहतंय म्हणून ते बाहेरून करावं लागतं, आणि ते ऐकून घरी खायचा सोडा चमच्यानं सुरू करू नये, त्यात सोडियम भरपूर असतं.

आता ते नॉर्मल पीएचचं. हे स्वतः सोडवा. पीएच ७.४०, सीओटू २०, बायकार्ब १२, सोडियम १४०, क्लोराईड १००. पीएच बघून पट्टी फाइलला लावायचा मोह होतो. पण गॅप काढा, २८. म्हणजे ॲसिडोसिस नक्की आहे. विंटर्स लावा, १८ अधिक ८, सीओटू २६ हवा होता, दोन इकडे-तिकडे, आणि आहे २०. मेटाबॉलिक ॲसिडोसिसची भरपाई पीएच पूर्ण ७.४० ला आणून ठेवत नाही, म्हणजे श्वासाचा अल्कलोसिस वेगळा आहे, दोन आजार एकमेकांना ओढून धरतायत. असं दिसलं की दोन प्रश्न विचारायचे, ताप किंवा कुठे इन्फेक्शन आहे का, कारण सेप्सिस हे दोन्ही एकदम करतो, आणि पेशंटनं ॲस्पिरिनच्या गोळ्या जास्त घेतल्यात का. ॲस्पिरिनसाठीच कानात आवाज येतोय का तेही विचारा, आणि नातेवाइकांना घरी पाठवून गोळ्यांची रिकामी पाकिटं मागवून घ्या.